विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील महाराष्ट्रातील प्रवास

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात लांब पल्ल्याचा प्रवास मुख्यतः आगगाडीने आणि कोकणपट्टीत आगबोटीने होत असे. हा प्रदेश त्या वेळी एका शासनाखाली नव्हता. मुंबई इलाख्याचे मराठी जिल्हे, मध्य प्रांत व वऱ्हाड, निजामाच्या राज्यातील मराठवाडा आणि कोल्हापूर, सांगली, जंजिरा, सावंतवाडी यांसारखी संस्थाने अशी त्याची विभागणी होती. स्टेशनापासून किंवा बंदरापासून गावापर्यंतचे अंतर मात्र बैलगाडी, टांगा, घोडा, होडी किंवा स्वतःचे पाय यांवरच काटावे लागे. आगगाडीने एका रात्रीत शेकडो किलोमीटर अंतर तोडलेल्या प्रवाशाला पुढच्या पंधरा-वीस किलोमीटरांसाठी कधी कधी दुसरा पूर्ण दिवस खर्चावा लागत असे. या शेवटच्या टप्प्यावर रस्ता, पाऊस आणि नदी यांच्याइतकाच प्रवाशाच्या जातीचाही प्रश्न येत असे. १९२० नंतर खासगी मोटारगाड्यांनी आणि १९४८ पासून एसटीने ही स्थिती हळूहळू बदलली.

पार्श्वभूमी

बोरीबंदर ते ठाणे ही भारतातील पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. त्यानंतरच्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने, म्हणजेच लोकांच्या तोंडच्या ‘जीआयपी’ने, सह्याद्री ओलांडला. बोरघाटाचा मार्ग १८६३ मध्ये आणि थळघाटाचा १८६५ मध्ये खुला झाला. बोरघाटातील चढ काही ठिकाणी ३७ फुटांना १ फूट इतका तीव्र होता. डोंगराचा एक टप्पा सरळ चढता येत नसल्यामुळे तेथे ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ बांधले होते. गाडी तेथे थांबे, इंजिन एका टोकाचे दुसऱ्या टोकाला लागे आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढू लागे. १९२९ मध्ये नवा मार्ग तयार होईपर्यंत मुंबई–पुणे प्रवासात हा सोपस्कार चालू होता.

रेल्वेपूर्व काळातील प्रवास कसा असे, याची कल्पना विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथावरून येते. कुलाबा जिल्ह्यातील वरसई गावचे हे भिक्षुक १८५७ मध्ये उत्तर हिंदुस्थानात गेले होते. त्यांचा वृत्तान्त चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. पायी, गाडीतून आणि सोबत पाहून केलेल्या त्या प्रवासाचे वर्णन १९०७ च्या वाचकाला जुन्या जगातील वाटले असेल, तरी स्टेशनापासून दूर असलेल्या गावांत त्यातील पुष्कळसे अजून तसेच होते.

रेल्वेमार्ग आणि रुळांची रुंदी

१९०० च्या सुमारास मुंबईहून पुणे, सोलापूर, नाशिक, भुसावळ, अकोला आणि नागपूर ही ठिकाणे रुंदमापी मार्गाने जोडलेली होती. पुण्याच्या दक्षिणेला मात्र सदर्न मराठा रेल्वेचा मीटरमापी मार्ग होता. त्यामुळे मुंबईहून सातारा, कऱ्हाड, मिरज किंवा बेळगावकडे जाणाऱ्या प्रवाशाला पुण्यात सामानसुमान उतरवून दुसऱ्या गाडीत बसावे लागे. कोल्हापूर संस्थानाने मिरजेपर्यंत स्वतःचा मार्ग बांधला व तो १८९१ मध्ये सुरू झाला. मनमाडहून औरंगाबादमार्गे हैदराबादकडे जाणारा मार्गही मीटरमापीच होता. गोव्याला रेल्वेने जायचे तर पुणे, मिरज, लोंढा, कॅसलरॉक असा वळसा घेऊन मुरगावला पोहोचता येई.

तिसरे माप होते अरुंद रुळांचे. बार्शी लाइट रेल्वे ही १८९७ मध्ये बार्शी रोड (आजचे कुर्डुवाडी) ते बार्शी अशी सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने बांधलेल्या या मार्गाच्या रुळांतील अंतर अडीच फूट होते. ही गाडी १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. दोन फुटी रुळांची नेरळ–माथेरान गाडी १९०७ मध्ये सुरू झाली. त्याआधी माथेरानला जाणारे लोक नेरळहून घोड्यावरून, डोलीतून अथवा पायी डोंगर चढत.

रुळांच्या मापातील हा फरक नकाशावर क्षुल्लक दिसतो. प्रवाशाला मात्र तो जंक्शनवरच्या रात्रींच्या रूपाने जाणवे. मनमाड, पुणे, मिरज, कुर्डुवाडी येथे एक गाडी उशिरा आली की दुसरी निघून गेलेली असे आणि मग मुसाफिरखान्यात वळकटी पसरण्यावाचून गत्यंतर नसे.

दोन घड्याळांची वेळ

मुंबईच्या प्रवाशाला आणखी एक हिशेब सतत डोक्यात ठेवावा लागे. मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती, तर रेल्वे अनेक वर्षे मद्रासच्या वेळेवर चालत होती. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाण वेळ लागू करण्यात आली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटांनी पुढे होती. मुंबईकरांनी या बदलाला कडवा विरोध केला आणि शहरातील अनेक व्यवहारांत जुनी वेळच चालू राहिली. ती पूर्णपणे मागे पडायला १९५५ साल उजाडावे लागले. म्हणजे जवळजवळ अर्धे शतक घरातील घड्याळ आणि स्टेशनावरील घड्याळ यांत पाऊण तासाच्या जवळपास अंतर असण्याचा संभव होता. गाडी चुकू नये म्हणून दोन-दोन तास आधी स्टेशनावर जाऊन बसण्याची मराठी कुटुंबांची सवय नंतरच्या पिढ्यांच्या थट्टेचा विषय झाली असली, तरी तिला असे एक रास्त कारणही होते.

डब्यांचे वर्ग

गाड्यांना पहिला, दुसरा, इंटर आणि तिसरा असे वर्ग असत. सर्व गाड्यांना सर्व वर्ग नसत. पहिल्या वर्गात प्रामुख्याने युरोपीय अधिकारी, संस्थानिक व धनिक व्यापारी असत आणि बहुसंख्य भारतीय प्रवासी तिसऱ्या वर्गात असत. प्रवासी वाहतुकीतून रेल्वेला मिळणाऱ्या उत्पन्नाचा मोठा वाटाही याच वर्गातून येई. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात लाकडी बाके असत. लांबच्या प्रवासात ज्याला बाकावर जागा मिळाली नाही तो खाली सामानावर बसे.

१८९० च्या रेल्वे कायद्यान्वये प्रत्येक डब्यात जास्तीत जास्त किती प्रवासी बसवावेत हे ठरवून ती संख्या डब्यावर लिहिणे कंपन्यांना बंधनकारक होते. त्याच कायद्याने प्रत्येक प्रवासी गाडीत सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा स्त्रियांसाठी राखून ठेवण्याचा आणि गाडी पन्नास मैलांहून अधिक अंतर जाणार असल्यास त्यात शौचालय देण्याचा नियम केला. पुरुषांच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्याविषयी कायद्याने असे बंधन घातले नव्हते. स्त्रियांचा कप्पा वेगळा असल्याने कुटुंबाची फाटाफूट होई. मोठ्या स्टेशनावर गाडी थांबली की पुरुषमंडळी उतरून बायकांच्या डब्यापाशी जात आणि पाणी, दूध, शिदोरीची देवाणघेवाण करीत.

कायद्यातील संख्या आणि प्रत्यक्षातील गर्दी यांतील अंतराचे सर्वांत प्रसिद्ध वर्णन मोहनदास करमचंद गांधी यांनी केले आहे. १२ सप्टेंबर १९१७ रोजी ते मुंबईहून मद्रासला मेलने तिसऱ्या वर्गातून गेले. तिकिटाला १३ रुपये ९ आणे पडले. डबा २२ प्रवाशांचा होता आणि त्यात केवळ बसण्याची सोय होती. प्रवास मात्र दोन रात्रींचा होता. रायचूरनंतर गर्दी असह्य झाली. प्रवासाचा बराच काळ डब्यात ३५ माणसे होती, काही जण घाणीतच जमिनीवर पडून होते आणि काहींना उभे राहावे लागले. संपूर्ण प्रवासात डबा एकदाही झाडला गेला नाही. पहिल्या वर्गाचे भाडे तिसऱ्याच्या पाचपटींहून थोडे अधिक होते. त्या प्रमाणात निदान एक-पंचमांश सोय तरी तिसऱ्या वर्गाला मिळते काय, असा हिशेबी प्रश्न त्यांनी केला. त्याआधी, १९१५ च्या हरिद्वार कुंभमेळ्याच्या वेळी, प्रवाशांना मालगाडीच्या डब्यांत कोंबलेले त्यांनी पाहिले होते. यात्रांच्या हंगामात देशभर असेच चाले.

रेल्वेच्या कारभाराविषयीच्या असंतोषातून अ‍ॅकवर्थ समिती नेमली गेली. तिच्या १९२१ च्या अहवालानंतर रेल्वे सरकारने चालवाव्यात या मताला बळ मिळाले आणि १९२५ मध्ये जीआयपीचे व्यवस्थापन सरकारकडे आले. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांत त्यामुळे लगेच फरक पडला असे नाही. १ जून १९३० रोजी मुंबई–पुणे मार्गावर सुरू झालेल्या ‘दख्खनची राणी’ या गाडीचा पुढे महाराष्ट्राला फार अभिमान वाटू लागला. परंतु तिला आरंभी पहिला आणि दुसरा असे दोनच वर्ग होते. सामान्य प्रवाशासाठी तिसऱ्या वर्गाचे डबे तिला १९५५ मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी लागले.

पाणी, शिदोरी आणि सामान

प्रवासात खाण्यापिण्याचे सोवळेओवळे पाळले जाई. दशम्या, धपाटे, लाडू, चिवडा असे टिकाऊ पदार्थ बरोबर घेतले जात. दशम्या पाण्याऐवजी दुधात भिजवलेल्या पिठाच्या असल्याने त्या प्रवासात चालतात असा सोयीचा संकेत होता. पाण्यासाठी झाकणाला आटे असलेला फिरकीचा तांब्या वापरीत, कारण त्यातील पाणी गाडीच्या हिसक्याने सांडत नसे. स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ असे वेगवेगळे पाणी ठेवले जाई आणि ते वाढण्यासाठी निरनिराळे पाणके असत. अस्पृश्य मानल्या गेलेल्या प्रवाशांना या दोन्ही ठिकाणी आपली सोय होईल याची खात्री नसे.

सामानात पत्र्याची ट्रंक, वळकटी, कंदील आणि लांब मुक्काम असल्यास स्वयंपाकाची भांडीही असत. स्टेशनाजवळ धर्मशाळा असे. तेथे चूल मांडून स्वयंपाक करण्याची मुभा असल्याने खाणावळीचे अन्न न घेणाऱ्यांची सोय होई. सरकारी अधिकाऱ्यांसाठी प्रवासी बंगले होते.

१८९६ मध्ये मुंबईत आलेल्या प्लेगमुळे प्रवासात आणखी एका संकटाची भर पडली. १८९७ च्या साथरोग कायद्याने प्रवाशांची तपासणी करण्याचे आणि संशयितांना वेगळे ठेवण्याचे अधिकार सरकारला मिळाले. डॉक्टर येऊन नाडी व काखेतील गाठी पाहीपर्यंत गाडीतून उतरलेली माणसे फलाटावर रांगेत उभी केली जात. स्त्रियांच्या तपासणीवरून विशेष क्षोभ उसळला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात साथ पुनःपुन्हा येत राहिल्याने ‘स्टेशनावर अडकवून ठेवतील’ ही धास्ती लोकांच्या मनात दीर्घकाळ टिकली.

स्टेशनापासून गावापर्यंत

स्टेशनाबाहेर टांगे आणि बैलगाड्या उभ्या असत. ओझ्याची जड गाडी म्हणजे खटारा, हलकी व वेगवान ती छकडा किंवा दमणी आणि विदर्भात रेंगी अशी गाड्यांची नावे प्रदेशागणिक बदलत. बैलगाडीचा वेग माणसाच्या चालीपेक्षा फारसा अधिक नसे. दिवसाकाठी वीस-पंचवीस किलोमीटर म्हणजे चांगली मजल समजली जाई. वृद्ध, आजारी आणि बाळंतिणी यांच्यासाठी मेणा किंवा डोली वापरीत. पावसाळ्यात काळ्या मातीच्या प्रदेशातील कच्चे रस्ते चिखलाने बंद होत. नदीला पूर आला की पाणी उतरेपर्यंत काठावरच थांबावे लागे. मोठ्या नद्यांवर ‘तर’ चाले, म्हणजे गाडी, बैल आणि माणसे एकाच नावेतून पलीकडे नेली जात. त्यामुळे लग्नकार्ये आणि लांबचे प्रवास होता होईतो पावसाळ्याच्या बाहेर काढले जात.

काही शहरांनी स्टेशनाशी जोडणारी स्वतंत्र सोय केली होती. नाशिक रोड स्टेशन आणि नाशिक शहर यांच्यामध्ये घोड्यांनी ओढली जाणारी ट्राम चाले. महाबळेश्वरला जाणारे लोक पुण्याहून किंवा वाठार स्टेशनावरून टांग्याने जात आणि वाटेत ठरावीक टप्प्यांवर घोडे बदलले जात.

गाडीवान मिळणे हे मात्र केवळ पैशावर अवलंबून नसे. भीमराव रामजी आंबेडकर यांनी आपल्या आठवणींत, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या इंग्रजी लेखनात, १९०१ मधील एक प्रवास नोंदवला आहे. त्यांचे वडील खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे नोकरीस होते. भीमराव, त्यांचे भाऊ आणि बहिणीची मुले साताऱ्याहून त्यांना भेटायला निघाली. पाडळी स्टेशनावरून गाडी पकडून ती संध्याकाळी मसूरला उतरली. येण्याविषयीचे पत्र वडिलांपर्यंत वेळेवर पोहोचले नव्हते आणि न्यायला कोणी आले नव्हते. मुलांचे कपडे नीटनेटके होते. स्टेशनमास्तरांनी ती ब्राह्मणांची मुले समजून चौकशी केली आणि ती महार असल्याचे कळताच ते मागे सरले. बाहेर बैलगाड्या पुष्कळ होत्या, पण विटाळाच्या भीतीने कोणी न्यायला तयार होईना. अखेरीस दुप्पट भाड्यावर एक गाडीवान राजी झाला. अट अशी होती की गाडी मुलांनी हाकायची आणि त्याने बाजूने पायी चालायचे. बरोबर शिदोरी होती, पण प्यायला पाणी मिळाले नाही. जकात नाक्यावर रात्र काढून ती दुसऱ्या दिवशी गोरेगावी पोहोचली. आगगाडीत तिकीट काढून बसताना त्यांना कोणी अडवले नव्हते. अडचण सुरू झाली ती फलाटावर.

याच लेखनात १९२९ मधील चाळीसगावचा प्रसंग आहे. तोवर आंबेडकर परदेशी शिक्षण घेतलेले बॅरिस्टर होते आणि अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य होते. धुळ्याहून परतताना ते चाळीसगावला उतरले. तेथील टांगेवाल्यांनी महार प्रवाशासाठी टांगा हाकण्यास नकार दिला. वाटाघाटीत इतकेच ठरले की टांगा भाड्याने मिळेल, पण टांगेवाला येणार नाही. म्हणून टांगा हाकण्याची सवय नसलेल्या वस्तीतल्याच एकाने लगाम हाती घेतला. मोरीवर चाक अडकून टांगा उलटला आणि आंबेडकर दगडी फरशीवर फेकले गेले. त्यांच्या पायाचे हाड मोडले. त्यांच्या पदाचा, शिक्षणाचा किंवा भाडे देण्याच्या ऐपतीचा त्या टांग्याच्या तळावर उपयोग झाला नाही. रेल्वेमुळे जातिभेद आपोआप सैल झाला, असे विधान पुष्कळदा केले जाते. डब्यातील बाकापुरते ते काही अंशी खरे मानले, तरी या दोन प्रसंगांवरून त्याची मर्यादा दिसून येते.

यात्रा

पंढरपूरच्या आषाढी-कार्तिकी वाऱ्या हा या काळातील सर्वांत मोठ्या जनप्रवासांपैकी एक होता. १९०६ पूर्वी रेल्वेने येणारे यात्रेकरू कुर्डुवाडीला उतरून पुढचे सुमारे पन्नास किलोमीटर अंतर गाडीने किंवा पायी जात. बार्शी लाइट रेल्वे आल्यावर वारीच्या दिवसांत तिच्या छोट्या डब्यांवर माणसांचा पूर लोटू लागला. तरीही पालखीबरोबर पायी चालणाऱ्यांची परंपरा खंडित झाली नाही. वारकऱ्याच्या दृष्टीने चालणे हा वारीचाच भाग होता. रेल्वेने त्यात परतीच्या वाटेची सोय तेवढी केली. मोठ्या यात्रांत पटकीची साथ पसरण्याचे भय कायम असे आणि परतणाऱ्या गाड्यांबरोबर ती दूरवर पोहोचे.

कोकण आणि आगबोट

मुंबईच्या दक्षिणेला कोकणात या संपूर्ण काळात रेल्वे नव्हती. मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि घरकामात रत्नागिरी जिल्ह्यातील हजारो माणसे होती. त्यांचा गावाशी संबंध आगबोटीवर अवलंबून होता. मुंबईच्या धक्क्यावरून निघालेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरे घेत पणजीपर्यंत जाई. बेळगावकडे जाणाऱ्यांपैकी काही जण वेंगुर्ल्याला उतरून आंबोलीच्या घाटाने वर चढत. अलिबागच्या बाजूला जाणाऱ्यांसाठी भाऊच्या धक्क्यावरून रेवस, धरमतरकडे लहान बोटी सुटत.

डेकवरचा प्रवासी सतरंजी पसरून जागा धरी. कोंबड्या, आंब्याच्या पेट्या, नारळ, ट्रंका आणि मुले यांच्या दाटीत रात्र जाई. समुद्र खवळलेला असला की बहुतेकांना ‘बोट लागे’. मोटारींच्या काळात मराठीत रूढ झालेल्या ‘गाडी लागणे’ या शब्दप्रयोगाची ही थोरली बहीण होय.

खरी कसोटी किनाऱ्याजवळ असे. बहुतेक बंदरांत धक्का नव्हता किंवा पाणी उथळ होते. आगबोट खोल पाण्यात उभी राही आणि पडाव तिच्या कुशीला लागत. हेलकावणाऱ्या शिडीवरून प्रवाशाने लाट वर आली की नेमक्या क्षणी पडावात पाऊल टाकायचे आणि खलाशाने दंडाला धरून त्याला ओढून घ्यायचे, असा प्रकार असे. तान्ही मुले हातोहात खाली दिली जात. पडावही वाळूपर्यंत पोहोचत नसे. अशा वेळी गुडघाभर पाण्यातून चालत जावे लागे किंवा गडी खांद्यावरून उचलून नेत. रात्री-अपरात्री बंदर आले तर हे सर्व कंदिलाच्या उजेडात उरकावे लागे.

पावसाळ्यात किनाऱ्यावरची लांब पल्ल्याची वाहतूक बंद होई. जूनपासून नारळी पौर्णिमेच्या आसपासपर्यंत कोकण मुंबईपासून तुटल्यासारखे होई. या काळात कोणाला जायचेच झाले तर उलटा मार्ग धरावा लागे. चिपळूणकर कुंभार्ली घाट चढून कऱ्हाड स्टेशन गाठीत आणि रत्नागिरीकर आंबा घाटाने कोल्हापुरास जाऊन तेथून पुणेमार्गे मुंबईला येत. गावातील मृत्यूची बातमी मुंबईतल्या मुलाला पत्राने कळली, तरी त्याला वेळेवर पोहोचता येण्याचा संभव जवळजवळ नसे.

किनाऱ्यावरील बोटींचे अपघातही झाले. नोव्हेंबर १९२७ मधील वादळात ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन आगबोटी एकाच दिवशी बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही बोट मुंबई बंदराबाहेर काशाच्या खडकाजवळ प्रचंड लाटांनी कलंडली आणि काही मिनिटांत बुडाली. तो आषाढी अमावास्येचा दिवस होता आणि सणासाठी घरी निघालेल्या चाकरमान्यांनी बोट भरलेली होती. सहाशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. बोट बुडाल्याची वार्ता मुंबईत सर्वप्रथम पोहोचली ती पोहत किनारा गाठलेल्यांकडून. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते.

मुंबई शहरातील वाहतूक

मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये सुरू झाली होती. ७ मे १९०७ रोजी विजेवर चालणारी ट्राम आली आणि १९२० मध्ये दुमजली ट्राम धावू लागली. गिरणगावातून बंदराकडे जाणाऱ्या कामगाराला ट्रामचा आणाही जपून खर्चावा लागे, त्यामुळे शहरातील बरेचसे येणेजाणे पायीच होई. श्रीमंतांसाठी व्हिक्टोरिया ही घोडागाडी होती. पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर निघाली.

उपनगरांचा खरा विस्तार विजेच्या लोकलने केला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी भारतातील पहिली विजेची गाडी हार्बर मार्गावरून धावली आणि १९२८ मध्ये कुलाबा–बोरीवली मार्गावर विजेच्या गाड्या आल्या. नोकरी शहरात आणि बिऱ्हाड दादर, पार्ले किंवा ठाण्याला, अशी मराठी मध्यमवर्गाची राहणी यानंतर रुळली.

मोटार सर्व्हिस

पहिल्या महायुद्धानंतर खासगी मालकांच्या मोटारी रस्त्यांवर आल्या. तिला बोलीभाषेत ‘सर्व्हिस’ किंवा ‘सर्व्हिस मोटार’ म्हणत. गाडी वेळेवर नव्हे, तर भरल्यावर सुटे. स्टँडवर एजंट प्रवाशांची ओढाओढ करीत, दोन मालकांत चुरस लागली की भाडे उतरे आणि एकाने माघार घेतली की ते पुन्हा चढे. टायर फुटणे, रेडिएटरमध्ये पाणी घालणे आणि चढावर प्रवाशांनी उतरून गाडी ढकलणे ही प्रवासाची नेहमीची अंगे होती. असे असले तरी तिचे महत्त्व मोठे होते. कोल्हापूर–रत्नागिरी किंवा कऱ्हाड–चिपळूण हा घाटाचा प्रवास दिवसांवरून तासांवर आला. तालुक्याच्या गावातील कचेरी, दवाखाना आणि हायस्कूल खेड्यातील माणसाच्या आटोक्यात येऊ लागले.

रेल्वेला या मोटारींची झळ लागल्याने रस्ते व रेल्वे यांच्या स्पर्धेची चौकशी झाली. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने परवाना, मार्ग आणि प्रवासीसंख्या यांवर नियंत्रण आणले. त्याच वर्षी दुसरे महायुद्ध सुरू झाले. पेट्रोलवर नियंत्रण आल्याने अनेक मालकांनी गाड्यांच्या मागे भट्टी बसवून लोणारी कोळशाच्या वायूवर त्या चालवल्या. सकाळी भट्टी पेटवण्यात बराच वेळ जाई आणि घाटात या गाड्यांचा दम लवकर तुटे. रेल्वेगाड्याही सैन्याच्या कामी गुंतल्याने सामान्य प्रवाशांसाठी गाड्या कमी झाल्या आणि डब्यांतील गर्दी पूर्वीपेक्षाही वाढली.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने प्रवासी वाहतूक स्वतःकडे घेण्यास सुरुवात केली. राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. ठरलेल्या वेळी सुटणारी, ठरावीक भाडे घेणारी आणि तिकीट काढणाऱ्या कोणासही बसू देणारी ही सेवा पुढील काही दशकांत बहुतेक खेड्यांपर्यंत पोहोचली. कोकणातील आगबोट त्यानंतरही दीर्घकाळ चालू राहिली. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग १९९८ मध्ये खुला झाला.